ग्रीन कार्ड मिळाल्यावर नोकरी सोडावी काय?



कारखान्याच्या फाटकावर बोलण्याची सवय असलेल्या माणसाने अमेरिकेच्या कायद्यावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते लेथवर उभे राहून आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या संघटनेचे एक जुने सभासद पेढे घेऊन घरी आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत बारा वर्षे नोकरी करतो. त्याला नुकतेच ग्रीन कार्ड मिळाले होते. पेढा हातावर ठेवताना मात्र गृहस्थांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, पोराला दुसरीकडे चांगली जागा मिळते आहे. पण कंपनीतले लोक म्हणतात, आता सोडलीस तर कार्ड जाईल. खरे काय?" त्या प्रश्नापायी जे वाचले, तेच आज आपणांपुढे ठेवतो. अशी चिंता करणारी घरे आपल्या गावातही आता थोडी नाहीत.

प्रथम हे ग्रीन कार्ड म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत कायम राहण्याचा व काम करण्याचा तो परवाना. नोकरीच्या मार्गाने तो मिळवावयाचा तर बहुतेकांना तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी मालकाची. या जागेसाठी प्रचलित वेतनावर काम करण्यास लायक व राजी असा तिथला माणूस मिळत नाही, हे मालकाने जाहिराती देऊन तिथल्या कामगार खात्याला दाखवावयाचे. दुसरी पायरीही मालकाचीच. या माणसाला मला कायम नोकरी द्यावयाची आहे, असा अर्ज त्याने इमिग्रेशन खात्याकडे करावयाचा. तिसरी पायरी कामगाराची. रांगेत आपला क्रमांक आला म्हणजे कायम वास्तव्यासाठी त्याने स्वतः अर्ज करावयाचा.

खरी गोम आहे ती या रांगेत. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या मार्गाने वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने ठेवले, आणि त्यांत बायकामुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. देश लहान असो की हिंदुस्थानाएवढा, मर्यादा तीच. त्यामुळे आपल्या मुलांची रांग दहा वर्षांहूनही लांबते.

या काळात मुलगा बहुधा एच-वन-बी नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर असतो. त्याची मूळ मुदत सहा वर्षांची. रांगेत असलेल्यांना ती वाढवून मिळते. नोकरी गेली तर नवा मालक शोधावयास फार तर ६० दिवस. या काळात मालक बदलता येतोच, पण नव्या मालकाला पहिल्या दोन पायऱ्या बहुधा पुन्हा चढाव्या लागतात. २००० सालच्या कायद्याने एक सवलत दिली : तिसऱ्या पायरीचा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला, तर त्याच किंवा तत्सम प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडे जाता येते. पण त्या पायरीपर्यंत पोहोचण्यातच उमेदीची वर्षे सरतात. बढती नाकारली तरी तोंड मिटून, पगार कमी वाटला तरी मान खाली घालून माणूस दिवस काढतो.

आता मूळ प्रश्न. कार्ड हाती आल्यावर मालकाकडे किती महिने राहावे, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. लोक सहा महिने सांगतात, कोणी वर्ष सांगतात. तो सावधपणाचा सल्ला आहे, कायदा नव्हे. कायदा विचारतो ते एवढेच, की परवाना मंजूर झाला त्या वेळी मालकाला खरोखर ती नोकरी द्यावयाची होती काय, आणि कामगाराला ती खरोखर करावयाची होती काय? हेतू प्रामाणिक असला आणि पुढे परिस्थिती बदलली, तर नोकरी सोडणे हा गुन्हा नाही. मालकानेच कामावरून काढले तर कामगाराकडे दोष येत नाही. पण कार्ड घेऊन जो त्या कामावर गेलाच नाही, किंवा दुसऱ्याच दिवशी निघून गेला, त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाईल. उलट, ज्याने त्याच मालकाकडे त्याच कामावर अनेक वर्षे काढली, त्याची ती वर्षेच त्याच्या बाजूची साक्ष होत.

ही शंका विचारली जाण्याची जागा म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज. तो साधारणपणे कार्डानंतर पाच वर्षांनी करता येतो, आणि कार्ड कसे मिळाले हे अधिकारी तेव्हा पुन्हा तपासू शकतो. म्हणून नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, कराचे कागद आणि राजीनाम्याची प्रत जपून ठेवावी. राजीनाम्यात चार ओळी सरळ लिहाव्यात. आणि सही करण्यापूर्वी तिथल्या जाणत्या वकिलाला एकदा कागद दाखवावेत. माझ्यासारख्या वक्त्यावर विसंबू नये.

आणखी एक भीती घालतात : मालक कार्ड काढून घेईल. एकदा मिळालेले कार्ड मालकाला काढून घेता येत नाही. तो अधिकार सरकारचा, आणि तोही रीतसर चौकशी करूनच. राहिला पैशाचा तगादा. पहिल्या पायरीचा खर्च व तिथल्या मालकाच्या वकिलाची फी कामगाराकडून घेऊ नये, असा नियम २००७ पासून आहे. बाकीचा खर्च परत करण्याचा करार असेल, तर तो करार काय म्हणतो आणि त्या राज्याचा कायदा काय म्हणतो, हे पाहावे लागते. मालकाने मागितले म्हणून देणे लागत नाही, आणि आपण नाकारले म्हणून ते फिटतही नाही.

हे सर्व ऐकून ते गृहस्थ हळूच म्हणाले, "पण भाऊ, कंपनीने एवढे केले. उपकार विसरायचे काय?" या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. कारण तो एकट्या बापाचा प्रश्न नाही; कामगाराच्या मनात तो पिढ्यान् पिढ्या रुजवलेला आहे. आपल्याकडे १८५९ साली एक कायदा झाला. आगाऊ रक्कम घेतलेल्या कामगाराने काम सोडले, तर न्यायाधीश त्याला काम पुरे करावयास लावी, आणि न ऐकल्यास तुरुंगात धाडी. तो कायदा रद्द व्हावयास १९२५ साल उजाडले. मॉरिशसला कोकणातून गेलेले आपले लोकही असेच कराराने बांधलेले होते. आजच्या अभियंत्याची त्या मजुराशी बरोबरी मी करीत नाही. तसे करणे त्या मजुराच्या हालांचा अपमान होईल. पण माणूस जागेवरून हलू शकत नाही म्हणून तो स्वस्तात मिळतो, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे. आणि एक जण स्वस्तात मिळाला की त्याच्या शेजारी काम करणाऱ्या अमेरिकन कामगाराचीही मजुरी दबते. तेव्हा हलण्याचे स्वातंत्र्य दोघांच्याही हिताचे आहे.

मी त्यांना म्हटले, "कंपनीला माणूस हवा होता, तुमच्या मुलाने बारा वर्षे घाम गाळला. तिने पगार दिला, याने काम दिले. हिशेब चुकता आहे. नीट नोटीस द्यावी, हातातले काम दुसऱ्याला समजावून द्यावे, आणि सर्वांना नमस्कार करून निघावे. याहून अधिक ऋण कोणत्याही कामगाराच्या माथी नसते."

मुलाने वकिलाला विचारले, हातातले काम पुरे केले आणि दिवाळीनंतर राजीनामा दिला. परवा वडील भेटले तेव्हा सांगत होते, "पोरगा आता फोनवर मोठ्याने बोलतो." बंधुभगिनींनो, त्या कार्डाचा मला कळलेला अर्थ तेवढाच आहे.