पत्ता चुकलेली प्रत

उज्जैनमधील मराठी कुटुंबांच्या बोलण्यातले शब्द मी काही वर्षांपासून गोळा करीत आहे. नोंदी घरच्या संगणकावर, डेटाबेसमध्ये आहेत. रोज रात्री त्यांची एक प्रत, म्हणजे बॅकअप, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आपोआप जावी अशी व्यवस्था एका विद्यार्थ्याने लावून दिली होती. गेल्या वर्षी माझ्याच हातून एक तक्ता पुसला गेला. प्रत शोधली, तर शेवटची प्रत तीन महिन्यांपूर्वीची निघाली. त्या तीन महिन्यांत ज्या आजींकडून लग्नघरातले शब्द लिहून घेतले होते, त्या दरम्यान वारल्या होत्या. वहीत होते तेवढे शब्द परत मिळाले, बाकीचे गेले.

संगणक आणि डिस्क घेऊन टावर चौकातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने लॉग फाइल उघडली. रोज रात्रीची तीच नोंद : दिलेला पाथ सापडत नाही. व्यवस्था निमूटपणे अपयशी होत होती आणि ती नोंद मी कधी उघडलीच नव्हती.

पाथ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता : कोणती डिस्क, तिच्यात कोणते फोल्डर, त्यात कोणती फाइल. माझ्या फोल्डरचे नाव ‘दुसऱ्या फेरीतील नोंदी’. नवी डिस्क घेतल्यावर तेच नाव मी पुन्हा टंकले होते. डोळ्यांना काही फरक दिसेना. मुलाने दोन्हीकडची चिन्हे मोजली. ‘दुसऱ्या’ हा शब्द एकीकडे 7 चिन्हांचा, दुसरीकडे 8 चिन्हांचा!

युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे. द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना अशी ही 7 चिन्हे. पण साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही तेच रूप उमटते. तेव्हा चिन्हे 8 होतात. एका कळफलकातून एक क्रम येतो, दुसऱ्यातून दुसरा. संगणक अक्षराचे रूप पाहत नाही, क्रमांक पाहतो. आयुष्यभर पाठभेद शिकवले, पण हा पाठभेद माझ्या नजरेतून सुटला.

पाथ चुकण्याची आणखी कारणेही त्या मुलाने समजावली. बाहेरच्या डिस्कला विंडोज दर वेळी तेच अक्षर देईल असे नाही. काल ‘ई’ असलेली डिस्क आज ‘एफ’ होते. कार्यालयातील नेटवर्कवरच्या डिस्कला आपण दिलेले अक्षर आपल्याच खात्यापुरते असते; बॅकअप वेगळ्या खात्याने चालत असेल, तर त्याला ते दिसत नाही. अर्धवट पाथ देणे म्हणजे ‘टावरपासून डावीकडे’ असे सांगणे. सांगणारा कुठे तोंड करून उभा आहे यावर घर बदलते. विंडोजमध्ये पाथची नेहमीची मर्यादा 260 चिन्हांची आहे आणि मात्रा, हलन्तही त्यात मोजले जातात. ‘उज्जैन’ लिहायला 6 चिन्हे लागतात. आणि ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, तर पत्ता बहुधा बरोबर असतो, पण दार बंद असते. तेव्हा पाथ नव्हे, खात्याचे अधिकार तपासावेत.

आता मी फोल्डरची नावे लहान, रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता देते. मराठीच्या शिक्षिकेला हे जड जाते, पण मराठी आत नोंदींमध्ये सुरक्षित राहावी म्हणून पाकिटावरचा पत्ता परका चालतो. नाव पुन्हा टंकत नाही, आहे तेच उचलून चिकटवते. आणि दर महिन्याच्या 1 तारखेला शेवटची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातल्या दहा नोंदी वाचते. फाइल तयार झाली म्हणजे प्रत झाली असे नव्हे. ती उघडून वाचता आली, तरच झाली.

शब्दसंग्रह, प्रबंध किंवा मुलाखती संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येकाने आज एकदा आपली शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, एवढे तरी पाहावे.