जेवलास का रे, मोत्या?

कुत्रा असलेल्या घराच्या दाराशी संध्याकाळी क्षणभर उभं राहिलं, तर आतलं बोलणं सहज कानावर पडतं. 'उठ बघू आता, किती लोळायचं?' 'जेवलास का रे, मोत्या? मग हा भात कुणासाठी ठेवलायस?' 'अगं माझी राणी ती, पाय दुखतोय होय?' बोलणारा प्रश्न विचारतो, थांबतो, कुत्र्याच्या तोंडाकडे बघतो आणि त्याच्या वतीनं उत्तरही देऊन टाकतो. एरवी घरात मोजकं बोलणारे आजोबा मोत्याला मात्र आज बँकेत किती रांग होती ते सविस्तर सांगतात.

आपल्याकडे हे आजचं नाही. नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस म्हणून विनवत राहिले. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. गावाकडे कुत्र्याला बोलवायला 'यू यू यू', अंगावर सोडायला 'छू' आणि हाकलायला 'हाड' हे स्वर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. प्रश्न उरतो तो एवढाच, की या सगळ्यातलं त्याच्यापर्यंत काय पोचतं? गेल्या पंचवीसेक वर्षांत जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी याचा कसून शोध घेतला आहे. त्यातून जे हाती लागलं, ते कुत्र्याशी बोलणाऱ्या प्रत्येकानं जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण आपण बोलतो पुष्कळ. पण कुठल्या बोलण्याचा त्याला आधार होतो आणि कुठल्या बोलण्यानं तो गोंधळतो, याचा विचार फारसा करत नाही.

आधी आपल्या आवाजाचं पाहू. कुत्र्याशी बोलताना आपला स्वर आपोआप चढतो, वाक्यं आखूड होतात, तेच तेच शब्द पुन्हा येतात. तान्ह्या बाळाशी आपण असंच बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या डेनिस बर्नहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आयांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. बाळाशी आणि पाळीव प्राण्याशी बोलताना स्वर सारखाच उंच होता, माया सारखीच होती. फरक निघाला तो स्वरांच्या उच्चारात. बाळाशी बोलताना आया 'आ', 'ई', 'ऊ' हे स्वर ठसठशीत, ताणून उच्चारत होत्या. प्राण्यांशी बोलताना तसं करत नव्हत्या. बाळाला आपण नकळत भाषा शिकवत असतो. कुत्रा कधी बोलणार नाही हे आपल्या जिभेला ठाऊक असतं, पण माया करताना ती हात आखडत नाही.

असा लाडाचा सूर कुत्र्याला आवडतो का? २०१७ साली फ्रान्समधल्या निकोला मातवों यांच्या गटानं ध्वनिमुद्रित आवाज कुत्र्यांना ऐकवले. पिल्लं लाडाच्या आवाजाकडे झेपावली. मोठ्या कुत्र्यांना मात्र त्याचं विशेष वाटलं नाही. पण तिथं समोर माणूस नव्हता, नुसता ध्वनिवर्धक होता. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात अ‍ॅलेक्स बेंजामिन आणि केटी स्लोकोम्ब यांनी प्रत्यक्ष माणसं बसवली आणि नंतर कुत्रा कुणाजवळ जाऊन रेंगाळतो ते पाहिलं. लाडाच्या सुरात फिरायला जाण्याच्या, कुत्र्याच्या कामाच्या गोष्टी सांगणाऱ्याकडे मोठी कुत्रीही ओढली गेली. सूर लाडाचा पण विषय भलताच, किंवा विषय त्याचा पण सूर कोरडा, असं केल्यावर ती ओढ दिसली नाही.

सूर आणि शब्द दोन्ही जुळले पाहिजेत, याचा याहून थेट पुरावा बुडापेस्टमध्ये मिळाला. तिथल्या ओटवॉश लोरांद विद्यापीठात अत्तिला आंडिच यांच्या गटानं तेरा कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवलं. एमआरआय करून घेतलेल्या कुणालाही त्या नळीतला ठकठकाट आठवत असेल. माणसालाही तिथं हलायचं नाही म्हटलं की जड जातं. ही कुत्री बांधलेली नव्हती, त्यांना गुंगीचं औषध नव्हतं. केव्हाही उठून बाहेर यायची मुभा होती. तरी कानावर हेडफोन लावून, हनुवटी टेकवून ती पडून राहायची. हेडफोनमधून ओळखीच्या प्रशिक्षिकेचा आवाज येई. कधी 'शाबास'सारखे कौतुकाचे हंगेरियन शब्द, कधी 'तरी', 'असा' यांसारखे कुत्र्याच्या दृष्टीनं निरर्थक शब्द. आणि दोन्ही प्रकारचे शब्द कधी कौतुकाच्या सुरात, कधी सपाट सुरात. २०१६ साली 'सायन्स'मध्ये हे निष्कर्ष आले. कुत्र्याचा मेंदू शब्द आणि सूर वेगवेगळे तपासतो. पण बक्षीस मिळाल्यावर मेंदूचा जो भाग उजळतो, तो उजळला फक्त कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हाच. मोबाइलमध्ये डोळे घालून पुटपुटलेलं 'शाबास, शाबास' त्याला शाबासकी वाटत नाही. 'गाढवा' असं गोड आवाजात म्हटलं तरी तो खूश होतो हे घरोघरी दिसतं खरं, पण खऱ्या शाबासकीची सर त्याला नाही.

शब्द तरी किती कळतात? यात काही कुत्र्यांची कामगिरी थक्क करणारी आहे. जर्मनीतल्या रिको नावाच्या बॉर्डर कॉली कुत्र्याला सुमारे २०० वस्तूंची नावं येत होती, हे यूलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं. अमेरिकेतले मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी त्यावरून प्रेरणा घेतली. त्यांनी चेसर नावाच्या कुत्रीला तीन वर्षं, रोज चार-पाच तास शिकवून १०२२ खेळण्यांची नावं पाठ करून घेतली. चेसर आणि रिको विरळाच. आपल्या घरातल्या कुत्र्याचं काय? कॅनडातल्या संशोधकांनी मालकांनाच विचारलं, तेव्हा एका कुत्र्याला सरासरी ८९ शब्द किंवा वाक्यांशांना प्रतिसाद देता येतो असं मालकांनी सांगितलं. यात मालकाचं कौतुक थोडं मिसळलेलं असेलही. तरी 'फिरायला', 'गाडी', 'दूध', 'आंघोळ' हे शब्द उच्चारताच ज्यांच्या घरात धावपळ उडते, त्यांना हा आकडा फार वाटणार नाही.

पण इथं एक अडचण आहे. बुडापेस्टच्याच गटानं २०२० मध्ये दाखवलं, की ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांत कुत्र्याचा मेंदू भेद करतो. मात्र ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला, तर त्याला तो फरक जाणवत नाही. आता आपल्या घरातलं बोलणं आठवून पाहा. बसायला सांगताना 'बस', भुंकणं थांबवताना 'बास'. आई म्हणते 'खाली बस', मुलगा म्हणतो 'सिट', बाबा म्हणतात 'बैस रे'. सोफ्यावरून उतरायलाही 'खाली' आणि जमिनीवर लोळायलाही 'खाली'. 'चल' म्हणजे फिरायला निघायचं, आणि 'चल, हट' म्हणजे जवळ यायचं नाही. मग 'आमचा ऐकतच नाही हो' अशी तक्रार येते. तो ऐकतो; पण चौघांची चार ऐकून काय करणार? आज्ञा मराठीत द्यायची की इंग्रजीत, याला काही महत्त्व नाही. घरातल्या सगळ्यांचा शब्द एक हवा, आणि दोन आज्ञांचे उच्चार एकमेकांपासून लांब हवेत. फ्रिजवर एक कागद चिकटवला तरी पुरे.

भाषेच्या बाबतीत मात्र कुत्र्याचा कान आपण समजतो त्याहून तिखट आहे. लॉरा क्वाया ही संशोधक मेक्सिकोहून बुडापेस्टला गेली ती आपला कुन-कुन हा कुत्रा घेऊन. आजवर स्पॅनिशच ऐकलेल्या कुन-कुनला इथं माणसं वेगळं बोलतात हे कळत असेल का, असा प्रश्न तिला पडला. मग अठरा कुत्र्यांना 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकातला मजकूर स्पॅनिश आणि हंगेरियनमध्ये ऐकवला गेला. त्यांच्या मेंदूनं ओळखीची भाषा आणि परकी भाषा वेगळी ओळखली, आणि वयस्क कुत्र्यांत हा भेद जास्त स्पष्ट होता. न्यू जर्सीत किंवा बंगळुरूत राहून घरात मराठी बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उद्यानात सगळे इंग्रजी बोलत असले, तरी तुमच्या कुत्र्याला घरच्या भाषेचा नाद ओळखीचा आहे.

बोलण्याच्या वेगाचाही हिशेब निघाला आहे. माणसं एकमेकांशी सेकंदाला साधारण चार अक्षरं या गतीनं बोलतात; कुत्र्याचं भुंकणं-गुरगुरणं सेकंदाला दोनच्या आसपास असतं; आणि कुत्र्याशी बोलताना माणूस आपसूक तीनवर येतो. २०२४ साली जिनीव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच भाषांत हे तपासलं. दोघांच्या मधल्या जागी आपण नकळत जाऊन उभे राहतो, हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत हृद्य वाटतं.

सूर कसा लावावा, याबद्दल अमेरिकेतल्या पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, जनावरांबरोबर काम करणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता. जनावराला पळवायचं असेल तर सगळीकडे आखूड, पुन:पुन्हा येणारे स्वर. थांबवायचं किंवा शांत करायचं असेल तर एकच लांब स्वर. आपलं 'यू यू यू' आणि 'छू छू' त्याच नियमात बसतं, आणि बैल थांबवताना गाडीवानही 'होऽऽ' असा लांबच सूर लावतो. कुत्रा हातातून सुटला की आपण घाबरून 'थांब थांब थांब थांब' असं ओरडतो. त्यानं तो आणखी पळतो.

शब्दांइतकंच, किंबहुना जास्तच, त्याचं लक्ष आपल्या हातांकडे असतं. आणि हे पाळलेल्या कुत्र्यापुरतं नाही. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्र यांच्या गटानं भारतातल्या शहरांतल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. अनोळखी माणसानं लांबून एका भांड्याकडे बोट दाखवलं. काही कुत्री भीतीनं पुढं आलीच नाहीत. पण जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी दाखवलेलंच भांडं निवडलं. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. चहाच्या टपरीवरचा माणूस किंवा सोसायटीचा वॉचमन गल्लीतल्या काळूशी दोन शब्द बोलतो, तेव्हा ते वाया जात नाहीत.

वाया जातं, आणि वर नुकसान करतं, ते उशिरा केलेलं रागावणं. संध्याकाळी घरी आल्यावर चपलेचे तुकडे दिसतात. 'कुणी केलं हे? बघ, बघ कसा तोंड पाडून बसलाय, कळतंय त्याला!' न्यूयॉर्कमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली. खाऊ न खाण्याची ताकीद देऊन मालक बाहेर जाई. काही वेळा कुत्र्यानं खाऊ खाल्ला, काही वेळा नाही. आणि मालकाला मात्र कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. ते पडलेले कान, चोरटी नजर, पायात गेलेली शेपूट हे सगळं मालक रागावला की दिसे. गुन्हा केलेला असो वा नसो. उलट, काही न केलेल्या कुत्र्यांत बोलणी खाताना ते जास्त दिसलं. आपण ज्याला अपराधीपणा म्हणतो, ती आपल्या आवाजाची भीती असते. हे कळल्यावर तरी, तासाभरापूर्वीच्या चपलेसाठी त्याला झापणं थांबायला हवं.

मग बँकेच्या रांगेची हकिगत सांगणारे आजोबा? त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मोत्याच्या कामाचा नाही. पण त्या आवाजात घाई नाही, राग नाही, आणि सगळं लक्ष त्याच्यावर आहे. आजोबांचंही मन मोकळं होतं. घरातली अवघड बोलणीही कुत्र्यामार्फत होतात. 'बघ रे मोत्या, तुझ्या बाबांना आजही उशीर!' हे मोत्याला सांगितलेलं नसतं. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनेन यांनी अमेरिकन कुटुंबांची संभाषणं तपासून हीच रीत २००४ साली नोंदवली होती. वाद थोडा निवळतो, आणि कधीकधी हसूही येतं.

दिवाळी आली की फटाके सुरू होतात. कुत्र्याचा कान आपल्या दुपटीहून अधिक उंच आवाज टिपतो. सुतळी बॉम्ब त्याला कसा लागत असेल याची कल्पना करा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं, असं अजूनही सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. भीती ही शिकवलेली करामत नव्हे, की शाबासकी दिल्यानं वाढेल. अंधार पडायच्या आत त्याला फिरवून आणा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर आहे ना, ते पाहा. खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा. दरवर्षी फार त्रास होत असेल तर आधीच पशुवैद्यांना विचारा. तो पलंगाखाली गेला तर ओढून बाहेर काढू नका. शेजारी जमिनीवर बसा आणि नेहमीच्या आवाजात, सावकाश, लांब सुरात त्याच्याशी बोलत राहा. आणि गल्लीतलं एखादं कुत्रं जिन्याखाली येऊन बसलं, तर दिवाळीच्या चार दिवसांत त्याला 'हाड' म्हणू नका.