रंगाला नंबर असतो

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत बर्मिंगहॅमला धाकट्या बहिणीकडे जाण्याचा योग आला. घर परदेशात असले तरी स्वयंपाकघर आपले कोकणातलेच. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी माशाचे कालवण. भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती, कारण सगळीकडे आगगाडीचे रूळ मांडलेले. ब्रिटनमध्ये छोट्या आगगाड्यांचा छंद शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत अनेकांना असतो. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण शहात्तरावा भाग, हे तिथले सर्वात रुळलेले माप.

भाच्याने जुन्या बाजारातून एक काळे इंजिन आणले होते आणि त्याचे त्याला 'गॉर्डन' बनवायचे होते. गॉर्डन म्हणजे कोण, हे दाखवायला तो आम्हाला रविवारी हायली गावी घेऊन गेला. किडरमिन्स्टरहून सेव्हर्न नदीकाठाने जाणारी वाफेची गाडी तिथे थांबते आणि स्थानकाजवळच्या संग्रहालयात गॉर्डन उभे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या युद्ध खात्याने कमी खर्चात, कमी वेळात बनतील अशी साधी इंजिने बांधून घेतली. त्यांपैकी दहा जोडचाकांची 150 इंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधली. गॉर्डन त्यातले, 1943 चे. पुढे ते हॅम्पशायरमधल्या लाँगमूरच्या लष्करी रेल्वेवर गेले. सैनिकांना गाडी चालवणे, रूळ टाकणे, सिग्नल सांभाळणे शिकवणारी ती रेल्वे 1969 मध्ये बंद झाली. आज गॉर्डनच्या अंगावर लाँगमूरचा निळा रंग आणि लाल रेघा आहेत. पण युद्धाच्या काळात या इंजिनांना खाकी-हिरव्या छटांचा, चमक नसलेला रंग असे. भाच्याला हवा होता तो युद्धातला गॉर्डन.

दोन दिवस त्याने रंग कालवले. तिसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने इंजिन आमच्यासमोर ठेवले. "खाला, बघ, ऑलिव्ह."

आम्ही पाहिले. रंग कथ्थई होता, चहाच्या डागासारखा.

"बेटा, हा हिरवा नाही," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "हिरवाच आहे." बहीण आतून ओरडली, "त्याचं लक्षच नसतं कशात. मोजेसुद्धा एक हिरवा, एक तपकिरी घालून जातो."

आधी आम्हाला वाटले, दिव्याचा दोष असेल. साडीला फॉल लावायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असते. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेला रंग दारात आणला की वेगळा दिसतो, म्हणून आपण कापड उन्हात नेऊन पाहतो. इंजिन खिडकीपाशी नेले. ढगाळ दिवसाचा शांत उजेड होता आणि रंग जुळवायला तोच चांगला. रंग कथ्थईच राहिला.

मग वाटले, फोटोने फसवले असेल. त्याने युद्धकाळातले कृष्णधवल फोटो जमवले होते. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. तो काळपट उमटे आणि निळा फिका. अशा फोटोवरून छटा ठरवणे म्हणजे सावलीवरून कपड्याचा रंग ओळखणे. पण शेजारी रंगाची बाटली होती, तिच्या झाकणावर नमुना होता. तो हिरवा आणि इंजिन कथ्थई. भाचा दोन्हींकडे पाहून म्हणाला, "सारखेच तर आहेत!"

त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. आम्ही गप्प झालो, कारण आम्हाला अब्बा आठवले.

अब्बा जहाजाच्या इंजिनरूममध्ये खलाशी होते. सुट्टीवर आले की आंब्याच्या अढीपाशी बसत आणि प्रत्येक आंबा नाकाला लावून बाजूला काढत. "आंबा डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखायचा," असे म्हणत. बाजारातून टोमॅटो आणायला अम्मी त्यांना कधी पाठवत नसे, कारण ते अर्धे हिरवे घेऊन येत. आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नसतील, हे आमच्या ध्यानात कधी आले नाही.

दुसरा चेहरा आठवला तो आमच्या वर्गातल्या एका मुलाचा. चित्रकलेच्या तासाला त्याने झाडाची पाने तपकिरी रंगवली होती. आम्ही वही वर्गापुढे धरली आणि म्हणालो, "यांच्या गावातली झाडं बघा!" वर्ग हसला. त्यानंतर तो मुलगा रंगपेटी 'विसरून' येऊ लागला. बी.एड. केलेल्या शिक्षकाला त्यातले काही कळले नाही, याची लाज आम्हाला परक्या देशातल्या त्या खिडकीपाशी वाटली.

चष्म्याच्या डॉक्टरांकडे तपासणी दहा मिनिटांत झाली. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेले आकडे वाचायचे होते. जपानी सैन्यातले डॉक्टर शिनोबु इशिहारा यांची ही चाचणी 1917 मध्ये प्रसिद्ध झाली. भाच्याला पहिला आकडा दिसला, पुढचे बरेचसे दिसले नाहीत. लाल-हिरवा भेद करणारी दृष्टी जन्मतःच कमी. हे आंधळेपण नव्हे. ते वाढत नाही, आणि त्यावर औषधही नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते सुमारे 8 टक्क्यांना असते, इतर समाजांत कमीअधिक. स्त्रियांत फार क्वचित.

घरी येताना बहिणीने विचारले, "माझ्याकडून आलं का?" हो, हा गुण आईकडून मुलाकडे येतो. तिच्याकडे तो अब्बांकडून आला होता. गरोदरपणात काय खाल्ले, काय पाहिले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्या घरांत मुलात काही उणे निघाले की बोट आईकडे वळते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. यात कोणाचाही दोष नाही.

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. "खाला, म्हणजे मला ट्रेन चालवता येणार नाही?"

खोटे बोलणे सोपे होते. आम्ही म्हणालो, "नाही बेटा, बहुतेक नाही. चालकाला लाल-हिरवा सिग्नल ओळखावा लागतो. तिथे तर आणि आपल्या भारतातही त्याची तपासणी होते." तो काही बोलला नाही. रात्री जेवलाही थोडेच. इंजिन खोक्यात गेले.

तीन दिवसांनी आम्हीच ते बाहेर काढले. डोके चालवले ते बाटल्यांवरच्या आकड्यांनी. ब्रिटिश मानकात रंगांना क्रमांक आहेत. 220 ऑलिव्ह ग्रीन, 298 ऑलिव्ह ड्रॅब, 537 सिग्नल रेड. आपल्या भारतीय मानक 5 मध्येही 220 आणि 537 हे क्रमांक आहेत. दहा कारखान्यांत दहा रंगाऱ्यांनी एकच रंग द्यायचा तर "थोडा गडद हिरवा" म्हणून चालत नाही. सैन्य असो की रेल्वे, तिथे रंग कोणाच्या डोळ्यांवर सोडलेला नसतो, त्याला नंबर दिलेला असतो. मग चौदा वर्षांच्या मुलाने तरी तो डोळ्यांवर का सोडावा?

आम्ही त्याच्या सगळ्या बाटल्यांवर जाड अक्षरात नाव आणि क्रमांक लिहिले. मिश्रण थेंब मोजून करायचे ठरले. छोट्या मॉडेलवर खरा रंग गडद वाटतो, म्हणून वीस थेंबांत दोन थेंब पांढरा घातला. प्रत्येक मिश्रणाचा पट्टा टाकाऊ प्लॅस्टिकवर, खाली इंजिनासारखाच राखाडी अस्तर देऊन काढला आणि रात्रभर वाळू दिला, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. पट्ट्यामागे थेंबांचा हिशेब लिहिला. पाचव्या पट्ट्याला आम्ही मान डोलावली. त्याने आमचा शब्द घेतला आणि वही उघडून नोंद केली. हात मात्र त्याचाच होता. इतका एकसारखा, रेघ न उमटू देता फिरणारा हात आम्ही क्वचित पाहिला आहे.

परत आल्यावर आम्ही वर्गातल्या सगळ्या रंगखडूंच्या कागदावर रंगांची नावे लिहिली, मराठीत आणि उर्दूत. फळ्यावर हिरव्या पाटीवर लाल खडूने लिहिणे बंद केले. नकाशात रंगांबरोबर रेघा आणि ठिपके देतो. त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधून फोन केला. तो आता वायरमनचा हेल्पर होता. माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वायरचे रंग मी अजून दुसऱ्याला विचारूनच जोडतो. कोणाला सांगितलं नाही." ज्या धंद्यात तारेचा रंग चुकला तर जीव जातो, त्यात तो हे लपवून काम करत होता. त्याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

वाचकहो, तुमच्या घरात एखादा मुलगा पाने तपकिरी रंगवत असेल, कच्चे-पिके ओळखताना चुकत असेल, तर हसण्याआधी त्याची एकदा तपासणी करून घ्या. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाची ती सहज होते. दहावीनंतर वाट निवडण्याआधी हे कळणे आणि भरतीच्या दारात कळणे, यात फार फरक आहे.

भाच्याने अलीकडे फोटो पाठवला. गॉर्डन रुळांवर उभे आहे, खाकी-हिरवे. खाली त्याने फक्त थेंबांचा हिशेब लिहिला होता.