रस्त्याचे भवितव्य निविदेत ठरते
जामसंडे परिसराच्या निमित्ताने कंत्राट-पद्धतीचा परिचय

कोकणातील रस्त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीत रस्त्याच्या बांधणीतील लहानसा दोषही पहिल्या दोन-तीन पावसांतच उघडा पडतो. रस्ता उखडला की लोकांचा रोष कंत्राटदारावर व अभियंत्यावर होतो आणि तो बहुधा स्वाभाविकच असतो. परंतु रस्ता टिकणार की नाही, हे रोलर फिरण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेले असते. अंदाजपत्रक कसे झाले, निविदा केव्हा निघाली आणि कोणत्या दराने स्वीकारली गेली, यांवर ते अवलंबून असते. म्हणूनच कंत्राटदाराची निवड कशी होते, हे लोकप्रतिनिधींनी व जाणत्या नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रस्ता कोणाचा?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील जामसंडे हे याचे चांगले उदाहरण आहे. देवगडहून निघणारा देवगड-निपाणी राज्यमार्ग जामसंड्यातून तळेबाजार, शिरगावमार्गे नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला छेदतो व पुढे फोंडा घाट चढून राधानगरीकडे जातो. हा राज्यमार्ग वस्तीतून जात असला तरी तो शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कक्षेतील विषय आहे. गावातील अंतर्गत रस्ते देवगड-जामसंडे नगरपंचायतीचे आहेत. हद्दीबाहेर वाड्या-वाड्यांना जोडणारे इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे येतात. म्हणजे एकाच तिठ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीस पडणारे तीन रस्ते तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे असू शकतात. रस्त्यांची ही वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेपासून आपल्याकडे रूढ झाली. तक्रार अथवा मागणी योग्य दारी न्यावयाची असेल, तर प्रथम रस्त्याचा वर्ग व क्रमांक पाहावा.

मंजुरीच्या पायऱ्या

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये जिल्हा परिषदा १९६२ साली अस्तित्वात आल्या. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाल्यानंतर येथील कारभार स्वतंत्र जिल्हा परिषदेकडे आला. रस्त्यांसाठी निधी मुख्यतः दोन लेखाशीर्षांखाली येतो. ३०५४ हे प्रामुख्याने देखभाल-दुरुस्तीचे, तर ५०५४ हे भांडवली कामांचे लेखाशीर्ष होय.

काम निवडल्यावर प्रशासकीय मान्यता मिळते. हे काम करावयाचे व त्यावर अमुक रक्कम खर्च करावयाची, असा तो निर्णय असतो. त्यानंतर सविस्तर अंदाजपत्रकास तांत्रिक मान्यता दिली जाते. येथे अभियंता शासनाच्या दरसूचीनुसार खडी, डांबर, भराव, मोऱ्या, गटारे यांची परिमाणे व दर मांडतो. कोकणात या टप्प्याचे महत्त्व विशेष आहे. जांभा दगड सर्वत्र मिळत असला तरी तो मऊ व पाणी शोषणारा असतो. वरच्या थरांना कठीण काळ्या दगडाची खडीच लागते आणि तिच्या वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात पुरेसा धरावा लागतो. बाजूचे गटार व मोरी यांना फाटा देऊन केवळ डांबरीकरणाची लांबी वाढविली, तर कागदावर किलोमीटर वाढतात, पण पाणी रस्त्यावरूनच वाहते. सदस्यांनी सभेत पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, पाण्याच्या निचऱ्याची तरतूद कोठे आहे?

निविदा म्हणजे काय?

तांत्रिक मान्यतेनंतर निविदा सूचना प्रसिद्ध होते. ठरावीक मर्यादेवरील कामांच्या निविदा आता शासनाच्या ई-निविदा प्रणालीवर संगणकाद्वारे मागविल्या जातात. निविदा दोन लिफाफ्यांत असते. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात कंत्राटदाराची नोंदणी, पूर्वानुभव, यंत्रसामग्री व बयाणा रक्कम यांचा पुरावा असतो. जो यात पात्र ठरतो त्याचाच दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडला जातो. बी-१ नमुन्यात कंत्राटदार अंदाजित रकमेपेक्षा किती टक्के कमी वा अधिक दराने काम करील ते नमूद करतो, तर बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र देतो. सर्वांत कमी दर देणाऱ्या पात्र निविदाकारास सामान्यतः काम दिले जाते. लहान कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखून ठेवण्याचे शासनाचे धोरण आहे.

या पद्धतीला चुकविण्याची एक जुनी वाट आहे. एकाच रस्त्याच्या कामाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली आणला जातो. असे करण्यास नियमांनी मनाई आहे. एकाच रस्त्याची लागोपाठची साखळी अंतरे एकाच वेळी वेगवेगळ्या कामांत दिसली, तर सदस्यांनी त्याचे कारण विचारावे.

कमी दराचे गणित

कमी दर म्हणजे बचत, असा समज सर्वत्र आढळतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. पन्नास लाख रुपयांच्या कामासाठी २४ टक्के कमी दराची निविदा आली, तर काम अडतीस लाखांत होणार. बारा लाखांची ही बचत कंत्राटदाराच्या कार्यक्षमतेतून आली, की ती पुढे मालातून वसूल होणार, याचा विचार करणे आवश्यक ठरते. एक किलोमीटर लांब व ३.७५ मीटर रुंद रस्त्यावर २० मिलिमीटर जाडीचा डांबरी थर द्यावयाचा असेल, तर त्याचे घनफळ ७५ घनमीटर होते. थर १५ मिलिमीटरच दिला, तर ते सुमारे ५६ घनमीटरवर येते. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, मात्र माल चतुर्थांशाने घटलेला असतो. याच कारणास्तव अतिशय कमी दराच्या निविदाकाराकडून अतिरिक्त सुरक्षा अनामत घेण्याची तरतूद केलेली आहे. ती प्रत्यक्ष भरून घेतली की नाही, हे पाहणे काम मंजूर करण्याइतकेच महत्त्वाचे होय.

वेळेचे बंधन

डांबरीकरण कोरड्या हवेतच करावे लागते. कोकणात त्यासाठी स्थूलमानाने ऑक्टोबर ते मे हेच महिने हाती असतात. देवगड परिसरात त्यातही एक अडचण आहे. मार्चपासून हापूस आंब्याची वाहतूक वाढते आणि बागांतून निघालेल्या पेट्या मुंबईकडे वेळेत रवाना होणे शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. रस्ता नेमका याच दिवसांत खणला गेला, तर बागायतदाराचे नुकसान होते. काम मेअखेर उरकण्याची घाई झाली, तर रस्त्याचे नुकसान होते. निविदा सूचना, छाननी, दरमान्यता, करारनामा व कार्यारंभ आदेश यांत काही महिने सहज जातात. यास्तव मान्यतेची कागदपत्रे पावसाळ्यातच तयार झाली, तर पाऊस सरताच काम सुरू होऊ शकते. मार्चअखेर निधी खर्ची घालण्याच्या घाईत निघालेल्या निविदेला हा अवकाश मिळत नाही.

देखरेख कोणाची?

झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते व तिच्या आधारेच देयक अदा केले जाते. काम पूर्ण झाल्यावरही दोषदायित्वाच्या कालावधीत कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावयाची असते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल करारातच अंतर्भूत आहे. ही मुदत कोणत्या तारखेस संपते, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदलेले असावे. अन्यथा कंत्राटदाराने भरावयाचे खड्डे पुन्हा शासकीय निधीतून भरले जातात.

सदस्यांवर एक नैतिक व कायदेशीर बंधनही आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. काम देणारा व काम घेणारा एकच असेल, तर मोजमाप तपासणार कोण, हा या तरतुदीमागील साधा विचार आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे अंदाजपत्रक, करारनामा व मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती कोणाही नागरिकास मागता येतात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना गावातील कामाचा फलक वाचावयास लावून लांबी, रुंदी व जाडी यांवरून घनफळ काढावयास सांगितले, तर गणिताबरोबर नागरिकशास्त्राचाही धडा होईल. रस्ता खचल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा, निविदा निघण्यापूर्वी अंदाजपत्रक वाचणारी ग्रामसभा गावाला अधिक टिकाऊ रस्ता मिळवून देईल.