गालजीबाग: जिथे काहीच नाही, म्हणून कासवं येतात

आजच्या भागात आपण गोव्याला जातोय. पण थांबा, शॅक, डीजे, वॉटर स्पोर्ट्स यातलं काहीही आज नाहीये. आज जायचंय गालजीबागला.

दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यात हा किनारा आहे. उत्तरेला तळपण नदीचं मुख, दक्षिणेला गालजीबाग नदीचं मुख आणि मध्ये वाळूचा लांब पट्टा. मागे सुरूच्या झाडांची रांग. कोकण रेल्वेने काणकोण स्टेशनला उतरायचं आणि तिथून रिक्षा किंवा दुचाकीने पुढे. पाळोळेची गर्दी अगदी जवळ आहे, पण इथे आलात की फक्त लाटा ऐकू येतात.

आता प्रश्न असा, की इतका सुंदर किनारा रिकामा कसा राहिला? कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून? नाही. तो मुद्दाम रिकामा ठेवलाय. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं इथे अंडी घालायला येतात. २०११च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांचा कासवांच्या विणीच्या जागा म्हणून खास उल्लेख आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच याला. अंडी उचलणं ही गंमत नाही, गुन्हा आहे.

होतं काय, ते बघू. साधारण नोव्हेंबरपासून पुढे, रात्रीच्या वेळी मादी पाण्यातून बाहेर येते. मागच्या पायांनी वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत समुद्रात जाते. पिल्लांची वाट बघायला ती थांबत नाही. पुढचं काम वाळूचं. ४५ ते ६० दिवस वाळूची ऊबच अंडी उबवते. आणि गंमत बघा, पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा ती ऊबच ठरवते. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थोडी थंड असेल तर नर जास्त. म्हणजे हवामान बदलाची गोष्ट इथे थेट वाळूत पोचते.

वन खात्याची माणसं घरट्यांवर लक्ष ठेवतात, भोवती कुंपण घालतात. कारण कुत्री, खेकडे, पक्षी, सगळ्यांनाच अंडी आणि पिल्लं हवी असतात. जगून मोठं होणारं पिल्लू हजारात एखादंच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. तुमच्या हातातला फोन.

पिल्लं बहुतेक वेळा रात्री वाळूतून वर येतात आणि ज्या बाजूला क्षितिज जास्त उजळ दिसतं, तिकडे धावतात. लाखो वर्षं ती उजळ बाजू म्हणजे समुद्रच होता. जमिनीकडे झाडांचा काळोख. पण त्या काळोखात कुणी टॉर्च लावला, गाडीचे हेडलाईट सोडले किंवा शेकोटी पेटवली, की हिशोब उलटा होतो. पिल्लू समुद्राकडे पाठ फिरवून चालू लागतं. दमतं, सकाळचं ऊन लागतं, संपतं. मादीचंही तसंच. उजेड आणि गडबड दिसली तर ती अंडी न घालताच परत जाऊ शकते. आपल्यासाठी एक फ्लॅश, तिच्यासाठी पूर्ण फेरी फुकट.

म्हणून काही साध्या गोष्टी. जायचं ते दिवसा, अंधार पडायच्या आत परत. गाडी वाळूवर नेायची नाही, दाबली गेलेली वाळू पिल्लांना फोडता येत नाही. कुंपणाच्या आत पाय नाही. पिल्लू दिसलं तर उचलून पाण्यात सोडायचं नाही. वाळूवरची ती धाव त्याला गरजेची असते, असं अभ्यासक मानतात. वन कर्मचाऱ्यांना सांगा, ते बघतील. आणि नदीच्या मुखाजवळ पोहू नका, तिथला ओढ फसवा असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. किनारा रिकामा ठेवायची किंमत कुणीतरी मोजतंय. शेजारच्या गावात शॅक आणि हॉटेलवर घर चालतं, इथल्या लोकांना ती सोय तितकीशी नाही. त्यामुळे डबा, पाणी, चिप्स सगळं शहरातून घेऊन आलात, कचरा इथे टाकून गेलात, तर गावाला मिळालं काय? त्यापेक्षा गावात जेवा. इथल्या नदीतली कालवं प्रसिद्ध आहेत, मिळाली तर नक्की खा. राहायचं असेल तर गावातलं घर शोधा. कासव जिवंत असण्यात गावाचा फायदा दिसला, तरच राखण टिकते.

तर मंडळी, गालजीबागला बघायला काय आहे, असं कुणी विचारलं तर खरं सांगा: कदाचित कासव दिसणारही नाही. वाळूवर नुसत्या पावलांच्या खुणा दिसतील. पण आपण आलो आणि गेलो, तरी रात्री ती येऊ शकली, एवढं जमलं तर ट्रिप वसूल.

भेटू पुढच्या भागात. तोवर टॉर्च बंद ठेवा!