एवढं शिकून एफ.वाय.च्या पोरांना शिकवणार?

आमच्या वस्तीतला एक तरुण रसायनशास्त्रात पीएच.डी. झाला. विहारात सत्कार झाला, पेढे वाटले. पुढे तो एका कॉलेजात शिकवायला लागला, तेव्हा त्याची आई मला म्हणाली, "काय हो भाऊ, एवढी वर्षं लॅबमध्ये घासली आणि शेवटी एफ.वाय.च्या पोरांनाच शिकवणार?"

मी पडलो बी.कॉम. कारकून. तरी त्या माउलीला एक हकीकत सांगितली.

परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच काळात अमेरिकेतल्याच इलिनॉय विद्यापीठात सेंट एल्मो ब्रॅडी हे कृष्णवर्णीय तरुण रसायनशास्त्राचे संशोधन करीत होते. आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू बसवला की आम्लाची तीव्रता किती बदलते, हा त्यांचा विषय. १९१६ साली ते पीएच.डी. झाले. रसायनशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय. पदवी हाती पडताच ते कुठे गेले? अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत, आपल्याच समाजाच्या मुलांना शिकवायला! दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्या मुलांना बंदच होती. १९२० पासून हॉवर्ड विद्यापीठ आणि १९२७ पासून फिस्क, जिथे ते स्वतः पदवीधर झाले होते. फिस्कमध्ये त्यांनी पंचवीस वर्षे रसायन विभाग सांभाळला, पदवीचा अभ्यासक्रम बसवला, पुढे पदव्युत्तर वर्गही काढले. १९५२ साली निवृत्त झाल्यावरही मिसिसिपीतल्या टुगालू कॉलेजच्या विभाग उभारणीला हातभार लावला.

संशोधन केलेला माणूस वर्गात आला की काय फरक पडतो, हे प्रॅक्टिकलला दिसते. मुलगा ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत असतो. रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचे असते. हात सुटतो, सगळे गडद गुलाबी होते. मग शेजाऱ्याचे रीडिंग जर्नलमध्ये उतरते, सरांची सही होते, आणि पोरगा रसायनशास्त्राऐवजी लबाडी शिकतो. ज्याची स्वतःची रीडिंगे महिनोन्‌महिने चुकली आहेत, तो मास्तर सही करीत नाही, रागावतही नाही. "कुठे चुकलं ते शोधू," म्हणतो आणि पुन्हा ब्युरेट भरायला लावतो. सधन घरच्या मुलाला हे सांगायला घरी काका, मामा असतात. आपल्या पोराला कॉलेजातल्या सरांशिवाय कोण आहे? १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे विज्ञान शाखा ठेवली, ती काय उगाच?

मावशींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि पगार?"

पोराची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काहीच नाही. तेव्हा मावशींचे अगदीच चुकते, असे मला म्हणवत नाही.