बाथरूमवर १००० लिटरची टाकी ठेवताय? आधी खालची भिंत बघा

नळाला पाणी दोन दिवसाआड, उन्हाळ्यात कधी आठवड्यातून एकदा. लाईटचा नेम नाही, म्हणून बोअरची मोटारही पाहिजे तेव्हा चालत नाही. त्यामुळं आता वाडी-वस्तीवरसुद्धा घरामागच्या बाथरूमच्या डोक्यावर काळी नाहीतर पांढरी प्लास्टिकची टाकी दिसतेच. सोय मोठी आहे, त्यात वाद नाही. तोटी फिरवली की पाणी येतं, बायकांच्या खेपा वाचतात, शौचालयही नीट वापरात राहतं. पण टाकी घेताना दुकानदार लिटर सांगतो, किंमत सांगतो, गॅरंटी सांगतो. वजन कुणी सांगत नाही. आणि त्या टाकीच्या बरोबर खाली उभं राहून सकाळी आपलंच पोर अंघोळ करत असतं.

हिशोब अगदी सोपा आहे. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो. म्हणजे ५०० लिटरची टाकी भरली की ५ क्विंटल, आणि १००० लिटरची भरली की १० क्विंटल, म्हणजे पूर्ण एक टन. सिमेंटच्या ५० किलोच्या २० गोण्या झाल्या. उद्या कुणी म्हणालं, तुमच्या बाथरूमच्या पत्र्यावर १० क्विंटल सोयाबीन रचून ठेवतो, वर्षभर राहू द्या, तर आपण त्याला वेड्यात काढू. टाकी मात्र आपण हौसेनं ठेवतो. कारण रिकामी टाकी दोघं जण हसत-खेळत शिडीवरून वर नेतात. ती हलकी वाटते आणि तिथंच डोळा फसतो.

मोठी टाकी खरंच लागते का?

पाचशेची टाकी आणायला गेलेला माणूस पुष्कळदा हजारची घेऊन येतो. "भावात थोडाच फरक आहे, घेऊन टाका मोठी" असं कुणीतरी म्हणतंच. पैशातला फरक थोडा असेल, पण भिंतीवरचा बोजा दुप्पट होतो.

गरज किती आहे ते आधी मोजा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. घरात पाच माणसं असतील तर दिवसाचे २७५ लिटर झाले. म्हणजे ५०० लिटरची टाकी जवळजवळ दोन दिवस जाते. पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तर साठा जास्त पाहिजे हे खरं, पण सगळा साठा डोक्यावर ठेवायची गरज नाही. मोठी टाकी खाली जमिनीवर पक्क्या ओट्यावर ठेवा, वर २०० किंवा ३०० लिटरची छोटी ठेवा, आणि छोट्या मोटारीनं रोज पाणी वर चढवा. मोटारीचा खर्च वाढतो, कबूल आहे. पण वरचा बोजा हजार किलोवरून दोन-तीनशेवर येतो.

दुसरा एक गैरसमज असा की मोठी टाकी घेतली की नळाला फोर्स जास्त येतो. तसं काही नसतं. फोर्स येतो तो उंचीनं. पाण्याची पातळी तोटीपासून १० मीटर वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब मिळतो. बाथरूमवरची टाकी तोटीपासून दोन-अडीच मीटरच वर असते, मग ती २०० लिटरची असो नाहीतर २००० ची. पाणी बारीक येत असेल तर आधी पाइप बघा. टाकीपासून अर्ध्या इंची पाइप काढलेला असेल तर तो बदलून एक इंची टाका आणि कोपरे कमी करा. फरक तिथंच दिसेल.

पत्रा, चार इंची भिंत आणि स्लॅब

पत्र्यावर टाकी ठेवायची नाही. पत्र्याखाली दोन अँगल आडवे टाकले तरी नाही. ते अँगल पत्रा आणि वारा सांभाळायला टाकलेले असतात, टन पेलायला नाही. यावर जास्त बोलायची गरज नाही.

शौचालयाचं सांगावं लागेल, कारण सगळ्यात जास्त टाक्या तिथंच दिसतात. १२,००० रुपयांच्या अनुदानात जी शौचालयं उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंत चार इंची आहे, कॉलम नाही, पाया उथळ आहे आणि वर पत्रा नाहीतर पातळ स्लॅब आहे. माणसाला आडोसा द्यायला ते बांधकाम पुरेसं आहे. पण त्यावर पाण्याची टाकी येईल, हे बांधताना कुणी धरलेलं नव्हतं. त्यात शोषखड्डा लगेच मागं. खड्ड्यातलं पाणी आजूबाजूच्या मातीत मुरतं, माती मऊ पडते आणि त्या बाजूची भिंत हळूहळू बसते. वर ५०० किलो असले तर ती बसताना सरळ बसत नाही, कलते.

काळ्या मातीत तर हा खेळ दरवर्षी चालतो. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत मातीबरोबर वर-खाली होते. म्हणून खालच्या दोन सवयी आजच मोडा. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीच्या बुडाशी सोडू नका, आणि बाथरूमचं सांडपाणी पायाजवळ मुरू देऊ नका. पाइप लांब नेऊन परसबागेत किंवा शोषखड्ड्यात सोडा.

आता स्लॅबचं. "आमचा स्लॅब आहे, काही होत नाही" हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं. गच्चीचा स्लॅब करताना इंजिनिअर माणसांची ये-जा, वाळवण, थोडंफार सामान धरतात. ते धरून दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा बोजा होतो, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. टाकीत एक मीटर उंच पाणी असेल तर तिच्या तळाखाली दर चौरस मीटरला १००० किलो येतात, म्हणजे चौरस फुटाला ९३ किलो. सहा-सात पटीचा फरक आहे. म्हणून स्लॅब असला तरी टाकी मधोमध ठेवायची नाही. दोन भिंती जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर, किंवा खाली बीम असेल त्याच्या वर ठेवायची. त्याहून चांगलं म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन लोखंडी गर्डर टाकून त्यावर ठेवायची, म्हणजे बोजा स्लॅबवर न येता सरळ भिंतीवर जातो. भिंत नऊ इंची आणि सिमेंटमध्ये बांधलेली असेल तरच हे करायचं. छज्जावर किंवा गच्चीच्या कठड्यावर टाकी ठेवलेली दिसली तर घरमालकाला तिथंच टोका, राग आला तरी चालेल.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर, माळवदावर तर टाकीचा विचारच नको. लातूर-धाराशिवच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरं पडली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद असलेली होती. जमीन हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि वरचं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

सगळ्यात बरा उपाय: जमिनीवरून स्टँड

भिंतीची खात्री नसेल तर भिंतीचा नाद सोडा. बाथरूमला लागून, पण बाथरूमच्या वर नाही, असा जमिनीवरून उठणारा स्वतंत्र स्टँड करा. काही झालंच तर टाकी कुणाच्या डोक्यावर येणार नाही, हा त्याचा पहिला फायदा.

५०० लिटरसाठी ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाडीचा अँगल वापरा. वेल्डिंगवाला पातळ पत्र्याचा चौकोनी पाइप सुचवील, तो स्वस्तही पडेल. पण तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. चारही पायांसाठी मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या आणि काँक्रीट भरा. पाय थेट मातीत गाडू नका. काँक्रीटचा गट्टू जमिनीच्या वर सहा इंच येऊ द्या, म्हणजे पायाशी पाणी साचणार नाही. अँगलच्या बुडाला लोखंडी प्लेट मारून घ्या. नाहीतर सव्वाशे किलोचा भार अँगलच्या साधारण साडेपाच चौरस सेंटिमीटरवर येतो आणि तो खिळ्यासारखा खाली रुततो.

पाय कितीही जाड असले तरी तिरपे अँगल लावल्याशिवाय स्टँड पक्का होत नाही. चारही बाजूंना कैचीसारखे तिरपे अँगल पाहिजेत. पाणी भरताना आणि वारा आला की टाकीतलं पाणी हिंदकळतं, स्टँड झोके घेतो आणि वेल्डिंगचे जोड तिथंच तुटतात. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्टँडला ही कैची नसते. घेताना हातानं हलवून बघा. रिकामा असताना हलला तर भरल्यावर काय होईल?

टाकी ज्यावर बसते तो तळ सपाट आणि सलग हवा. दोन-तीन अँगलवर टाकी ठेवली की मधला तळ उन्हानं आणि वजनानं खाली झोळ धरतो, दोन-चार उन्हाळ्यांत तडकतो आणि मग सगळं पाणी एकदम खाली येतं. चार इंची काँक्रीटचा छोटा स्लॅब किंवा जाड लोखंडी प्लेट टाका. शहाबादी फरशी टाकायची असेल तर तिच्याखाली फूट-फूट अंतरावर अँगलचा आधार द्या. हा तळ टाकीपेक्षा सगळ्या बाजूंनी वीतभर मोठा ठेवा. टाकीवर आयएस १२७०१ हे मानक छापलेलं आहे का तेही बघून घ्या.

एक गोष्ट वेल्डिंगवाला सांगणार नाही. मोटारीची वायर स्टँडच्या पायाला गुंडाळू नका. वाऱ्यानं घासून वरचं प्लास्टिक निघतं, पूर्ण स्टँडमध्ये करंट उतरतो आणि खाली ओल्या अंगाचं माणूस उभं असतं. वायर पीव्हीसी पाइपातून वेगळी न्या, अर्थिंग करा, आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

टाकी आधीच बसवलेली असेल तर

बहुतेकांची बसवलेलीच आहे. मग एक दिवस उजेडात नीट बघा. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरपी भेग गेली आहे का? स्लॅबच्या खालून पोपडे पडून सळई दिसते का, गंजाचे तपकिरी डाग आहेत का? स्टँडच्या पायाला, खाली वीतभर उंचीवर, हातोडीनं हलकं ठोका. खपल्या पडल्या किंवा आवाज बद्द आला तर पाय आतून गेलेला आहे. लांबून एक डोळा मिटून बघा, टाकी दाराच्या उभ्या कडेशी समांतर दिसते का.

यातलं काहीही दिसलं तर पहिलं काम म्हणजे टाकी रिकामी करणं. दुरुस्तीचा विचार नंतर. तोवर खालचं बाथरूम वापरू नका. मग चांगल्या मिस्त्रीला दाखवा. घरकुलाची कामं बघायला पंचायत समितीचे अभियंते गावात येतात, त्यांना "साहेब, जरा एवढं बघता का" म्हणून विचारायला काही लागत नाही.

नवी टाकी असेल तर पहिल्याच दिवशी काठोकाठ भरू नका. आधी पाव भरा आणि तासाभरानं भिंत, स्टँड, जोड बघा. मग अर्धी भरून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही बदललेलं नसेल तर पूर्ण भरा. या दोन दिवसांत खाली कुणाला जाऊ देऊ नका, खेळणाऱ्या पोरांना तर नाहीच.

आणि रिकामी टाकीही बिनधोक नसते. मे महिन्यात वावधान सुटलं की पत्र्याबरोबर रिकाम्या टाक्याही उडतात, शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. टाकीला लोखंडी पट्टीचा वेढा घालून तो स्टँडला नट-बोल्टनं आवळा. आभाळ भरून आलं आणि टाकी कोरडी असेल तर लाईट जायच्या आत मोटार लावून पाव टाकी तरी भरून घ्या. झाकण घट्ट बसवा. झाकण उडालेल्या टाकीत आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात, आणि ते बघायला वर शिडी लावून कुणी चढत नाही.